दुसऱ्यावर उचललेली गाडी

"गाडीला पिकअप नाही," अण्णा म्हणाले.

हे ते बोलले तेव्हा आमची पिकअप हायवेच्या दुभाजकातल्या कटातून निम्मी बाहेर आली होती, आणि माझ्या बाजूनं एक लक्झरी बस हॉर्न दाबून अंगावर येत होती. गाडी थरथरत होती, इंजिन घुसमटत होतं, पण पुढं सरकायचं नाव नाही. मी डोळे मिटून घेतले. बस कशीबशी बाजूनं निघाली आणि तिचा क्लीनर दारात लटकून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेला.

"पिकअपलाच पिकअप नाही म्हटल्यावर कुणाकडं दाद मागायची?" मी म्हणाले. माझी जीभ भीतीनं जास्तच चालते.

अण्णा हसले नाहीत. गाडीनं हळूहळू वेग घेतला, मग त्यांनी तिसरा गिअर टाकला. केबिनमध्ये जळक्या वासानं नाक भरून गेलं होतं.

तो कट आता राहिलेला नाही. खालून बोगदा काढलाय, पोरंटोरं सायकली घेऊन निवांत जातात. पण तेव्हा सातारा-कऱ्हाडच्या मधल्या त्या पट्ट्यात पलीकडं जायला तेवढी एकच वाट होती. आमचा सिमेंटचे खांब पाडायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, एक मिक्सर आणि साचे. बागांना तारेचं कुंपण घालायला लागतात ते खांब. कारखाना हायवेच्या एका अंगाला आणि गिऱ्हाईक सगळं दुसऱ्या अंगाला. म्हणजे रोज खांबांनी भरलेली गाडी घेऊन निम्मा रस्ता ओलांडायचा, कटात थांबायचं, आणि मग उजवीकडं वळून थेट पळत्या गाड्यांच्या लेनमध्ये शिरायचं. तिथं सुसाट येणाऱ्याला तुमची गाडी भरलेली आहे की रिकामी, याच्याशी देणंघेणं नसतं. आदल्या वर्षी आमचे शेजारी बबनकाका दुधाचे कॅन घेऊन त्याच कटात जागीच गेले होते.

त्यामुळं संध्याकाळी बसची गोष्ट कानावर गेल्यावर प्रताप भडकला. प्रताप माझा थोरला भाऊ. कारखान्याचा सगळा व्यवहार त्याच्या हातात. त्याचं बोलणं आमच्या खांबासारखं, सरळ आणि कडक.

"अण्णा, बास झालं. त्या गाडीला दोनदा क्लच प्लेट टाकली, नोझल साफ केलं, फिल्टर बदलला. तिच्यात जीवच राहिला नाही. विकून टाकू. नवी घेऊ आणि ड्रायव्हर ठेवू."

"ड्रायव्हर कशाला?" मी मध्ये पडले. "अण्णा काय म्हातारे झालेत?"

"साठी उलटली त्यांची. एवढी वर्षं चालवली, आता घरी बसावं. मी काय वाईट बोलतोय?"

मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, आता उसळतील. माझे वडील हणमंत कणसे म्हणजे ज्यांनी कुंभार्ली घाटात ब्रेक नसलेला ट्रक गिअरवर खाली आणला होता, ज्यांच्या हातचं स्टिअरिंग शिकलेली पोरं अर्ध्या तालुक्यात गाड्या चालवत होती. घरात त्यांना काही विचारायचं असलं, तरी आई म्हणायची, गाडीत बसल्यावर विचार, तिथं त्यांचं डोकं शांत असतं. त्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवलं तर दोन महिन्यांत विझून जाईल, असं मला मनापासून वाटत होतं.

पण अण्णा एवढंच म्हणाले, "गाडी म्हातारी झालीय. तिचा तरी काय दोष?" आणि अंथरूण घालायला उठले.

मला ते पटलं नाही. गाडी गेली की अण्णांची सीट गेली. म्हणून मी ठरवलं, गाडीचाच आजार शोधायचा.

दुसऱ्या दिवशी अण्णा एका लग्नाला गेले होते. मी प्रतापला काहीबाही सांगून एक गडी स्टिअरिंगवर बसवला आणि भरलेली गाडी तशीच दिलावर मिस्त्रीकडं नेली. दिलावर मिस्त्रीला हळू बोलता यायचं नाही. जन्मभर चालू इंजिनाशेजारी उभा राहून बोललेला माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला, धूर बघितला आणि ओरडला, "चल, बस! चक्कर मारू."

कालव्याच्या चढावर त्यानं गाडी मध्येच थांबवली. हँडब्रेक ओढला.

"आता बघ हां, वैजू." त्यानं दुसरा गिअर टाकला आणि गाडी उचलली. तेच झालं. थरथर, घुसमट, तोच जळका वास. गाडी मुंगीच्या पावलानं वर सरकली. त्यानं पुन्हा थांबवली. "आणि आता हे." यावेळी पहिला गिअर. इंजिन मोकळं ओरडलं आणि गाडी चढावर अशी निघाली की मी मागं सीटवर आपटले.

"इंजिनाला धाड भरलेली नाही!" दिलावर म्हणाला. "कोण म्हणतंय पिकअप नाही? गाडी कुणीतरी दुसऱ्यावर उचलतंय. म्हणून प्लेटी जळतायत."

"पण इंजिन तेच ना? मग पहिल्यात जोर कुठून आला?"

"कुठून कुठून येणार! तोच जोर आहे. गंजलेला नट आखूड पान्यानं सुटतो का? नाही सुटत. पान्याला पाइप लाव, सुटला. मनगट तुझंच. पहिला गिअर म्हणजे तो पाइप लावलेला पाना. इंजिन भरपूर फिरतं, चाक थोडं फिरतं, पण जोरात फिरतं. एकदा गाडी हलली, की मग दुसरा, मग तिसरा. जोर कमी होत जातो, पळ वाढत जातो."

"आणि थेट दुसऱ्यावर उचलली तर?"

"तर वजन जास्त आणि पाना आखूड. इंजिन फिरायलाच घाबरतं. डिझेलचं इंजिन थोडं फिरल्याशिवाय ताकद दाखवत नाही. मग ड्रायव्हर काय करतो, क्लच अर्धा सोडतो आणि रेस देत बसतो. ताकद चाकाला जायच्याऐवजी प्लेटीत जळते. रिकाम्या गाडीला चालतं एखाद्या वेळी. खांब भरल्यावर? आणि त्या कटात?" त्यानं कानाला हात लावला.

"अण्णांना हे ठाऊक नाही?"

यावर दिलावर एवढा हसला की कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. "अगं, मला हे कुणी शिकवलं? तुझ्या बापानं! पहिल्या दिवशी हातावर पाना मारून शिकवलंय." मग हसू आवरून म्हणाला, "जुन्या ड्रायव्हरांची घमेंड असते ती. पहिल्यावर उचलतो तो शिकाऊ, असं त्यांच्यात म्हणतात. वयानुसार वाढते. तू सांग, तुझं ऐकतील."

घमेंड! एवढ्याशा घमेंडीपायी रोज मरणाच्या दारात गाडी उभी करायची? मला रागही आला आणि हायसंही वाटलं. आजार गाडीचा नव्हता, इंजिनाचा नव्हता. अण्णांना समजावलं की झालं. गाडी राहील, अण्णा राहतील.

सकाळी मी गाडीपाशी गेले तेव्हा अण्णा नेहमीसारखे सगळ्यांच्या आधीच स्टिअरिंगवर बसलेले होते. खांब भरून झाले होते. आम्ही निघालो.

"अण्णा, आज पहिल्यावर उचला."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "कुणी शिकवलं तुला?"

"दिलावर मिस्त्रीनं. म्हणाला, गाडी एकदम ठणठणीत आहे. तुम्हीच दुसऱ्यावर उचलता."

"दिलावर! माझ्या हाताखाली नाक पुसत होता तो." त्यांचा आवाज चढला. "मला गाडी शिकवता आता? तू न् तो दिलावर मिळून?"

"शिकवत नाही, विनवतेय. प्रतापदादा गाडी विकायला निघालाय. गाडी गेली की तुमचं चालवणं गेलं. एवढं कळत नाही का तुम्हाला? कसली म्हणून ही घमेंड?"

घमेंड हा शब्द बापासमोर मी पहिल्यांदाच काढला होता. आम्ही पहिल्या लेन ओलांडून कटात येऊन थांबलो. डावीकडून गाड्यांची रांग येत होती. अण्णांनी गाडी न्यूट्रलवर ठेवली होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"बरं बाई," ते अचानक म्हणाले. "होऊ दे तुझ्या मनासारखं."

रांग सरली. दूरवर एक टँकर दिसत होता, बराच लांब. अण्णांनी क्लच दाबला, पहिला टाकला, आणि गाडी उडाली! मी खरंच ओरडले आनंदानं. उजवीकडं वळून आम्ही लेनमध्ये शिरलो, गाडी सरळ झाली. इंजिन कोकलायला लागलं. पहिला गिअर तेवढाच, त्याच्या पुढं त्यात पळ नसतो.

"आता दुसरा," मी म्हणाले.

अण्णांनी काही केलं नाही.

"अण्णा, दुसरा टाका ना! टँकर येतोय!"

आरशात टँकर मोठा होत चालला होता. इंजिन किंचाळत होतं आणि गाडी सायकलच्या वेगानं पळत्या लेनमध्ये चालली होती. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचं तोंड घामानं थबथबलं होतं. त्यांनी गिअरवरचा हात काढला, डाव्या गुडघ्यावर पँट मुठीत धरली, आणि पाय उचलला. हातानं. एखादी पिशवी उचलून ठेवावी तसा तो पाय त्यांनी क्लचवर ठेवला, वरून गुडघ्यावर दाब दिला, आणि मग तोच हात गिअरकडं नेला. पण तेवढ्यात पाय घसरला.

टँकरवाल्यानं ब्रेक मारला, डावीकडून गाडी काढली आणि आमच्या आरशाला घासून पुढं गेला. अण्णांनी पहिल्यावरच गाडी कडेला घेतली. ती धक्का खाऊन बंद पडली.

शेजारून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी आमची गाडी हलत होती.

"एकदा येतो," अण्णा म्हणाले.

"काय?"

"पाय. एकदा दाबता येतो. लगेच दुसऱ्यांदा नाही येत. कमरेतून कळ उतरते आणि सगळा पाय मेल्यागत होतो. थोडा वेळ गेला की परत येतो." ते समोर रस्त्याकडं बघत बोलत होते. "म्हणून दुसऱ्यावर उचलायचो. एकदा क्लच दाबला की पार रस्त्याला लागेपर्यंत काम भागतं. मग तिसरा टाकायला पाय तयार होतो. मला काय कळत नाही व्हय, दुसऱ्यावर गाडी मरते ते? पण मरत मरत का होईना, चालत राहते. मध्येच पाय आला नाही तर? तू बघितलंस आत्ता."

मी बघितलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेले का असतात, तेही मला आत्ता कळलं. उजव्या दारानं चढताना डावा पाय आधी वर टाकावा लागतो.

"केव्हापासून?"

"झालं की वर्ष."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय सांगणार? गाडी सोडा."

मला एकदम रडू फुटलं. राग, भीती, माया, सगळं एकदमच आलं. "अहो, मेलो असतो आपण! बबनकाकांसारखं पोतं घालून झाकलं असतं आपल्याला. प्रतापदादाला एका शब्दानं सांगितलं असतं तर?"

"त्यानं किल्ली काढून घेतली असती." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला आजही सोसत नाही. "वैजू, एक कर. गाडी विकू दे त्याला. मी आडवा येणार नाही. गाडी म्हातारी झाली, पिकअप गेलं, विकली. लोक हेच म्हणतील. हणमंत कणशाचा पाय गेला असं कुणी म्हणायला नको. एवढं माझं राख."

मी कबूल केलं. कारखान्याच्या आवारात मी गाडी मागं-पुढं करायला शिकले होते, तेवढ्यावर गाडी मीच पुढं नेली, कडेकडेनं. अण्णा पहिल्यांदा डाव्या सीटवर बसले. सगळ्या वाटेत मला एकदाही काही शिकवायला गेले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर अण्णांनीच जाहीर केलं, की इंजिनाचा भरवसा नाही, आता ही बाहेर काढायची नाही. गाडी शेडमध्ये उभी राहिली. प्रतापनं भाड्याची गाडी लावली आणि गिऱ्हाईक शोधायला लागला. आठवड्याच्या आतच पुसेगावकडचे एक बटाट्याचे व्यापारी, मल्हारराव भोईटे, गाडी बघायला आले. गडी जाडजूड, मिशाळ, आणि पक्का.

"रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते," मल्हारराव म्हणाले. "भरून द्या. आणि तुमच्या त्या कटातूनच काढणार मी. ऐकलंय मी तिच्याबद्दल."

कटाजवळ अक्काताईची चहाची टपरी होती. प्रताप, अण्णा आणि मी तिथं जाऊन उभे राहिलो. टपरीवर नेहमीचे चार-पाच जण होते, तेही उठून बघायला लागले. अण्णांनी हाताची घडी घातली होती आणि चेहऱ्यावर काहीच दिसू देत नव्हते. गाडी कशी पळणार आहे हे तिथं उभ्या माणसांत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, असं मला वाटत होतं.

मल्हारराव पहिल्या लेन ओलांडून कटात थांबले. वाट मोकळी झाली. गाडी पहिल्यावर सपकन निघाली, वळली, लगेच दुसरा पडला, मग तिसरा. खांबांनी भरलेली ती गाडी बघता बघता इतर गाड्यांत मिसळली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

टपरीवरची माणसं वळणाकडंच बघत होती.

"ही आपली गाडी?" प्रताप म्हणाला. मग तो सावकाश अण्णांकडं वळला. "अण्णा, ही तर पळतेय."

"दिलावरनं पंप बदलला ना परवा!" मी पटकन बोलले. "मीच नेली होती त्याच्याकडं. पंपाचाच दोष होता, म्हणून—"

"गप, वैजू," अण्णा म्हणाले.

"नाही, खरंच पंप—"

"पंपबिंप काही नाही." अण्णांनी हाताची घडी सोडली. "पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागतंय, म्हणजे हद्द झाली. प्रताप, गाडीला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. माझा डावा पाय चालत नाही. क्लच दाबता येत नाही मला."

एवढं बोलून ते बाकड्यावर बसले. बसताना डावा पाय त्यांनी हातानं जवळ ओढून घेतला, सगळ्यांच्या देखत.

अक्काताई स्टोव्हजवळून उठली. "झालं एकदाचं," ती म्हणाली. "सुटलात बघा अण्णा. आम्ही पण सुटलो."

अण्णांनी मान वर केली.

"वर्ष झालं, तुम्ही चहा गाडीतच मागवता. ग्लास द्यायला दाराशी मीच येते ना? पँट धरून पाय उचलता, ते दिसत नाही व्हय मला? या सगळ्यांना पण ठाऊक हाय." टपरीवरच्या माणसांनी इकडं तिकडं बघायला सुरुवात केली. "कुणी परका विचारायचा, म्हातारा असा काय घुसतो मध्ये, की आम्हीच सांगायचो, बाबा, गाडीला पिकअप नाही त्यांच्या."

"मग बोलली का नाहीस?" अण्णांचा आवाज फाटला.

"तुम्ही लपवत होता. मी कोण उघडं करणारी? रोज तुम्ही त्या कटात शिरला की माझा हात चहात थांबायचा. पण तुमच्या तोंडावर कसं बोलायचं?"

प्रताप एकेकाकडं बघत होता. शेवटी माझ्याकडं. "तुलाही माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"म्हणजे सगळ्या हायवेला माहीत होतं. चहावालीला माहीत होतं. फक्त मला नाही." तो अण्णांसमोर जाऊन उभा राहिला. "मलाच का नाही, अण्णा?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!" प्रताप एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबला. "घेतलीच असती. हिसकावून घेतली असती. त्या कटात गेला असतात तर मी काय करायचं होतं? खांब विकत बसायचं होतं?"

"तेच म्हणतो मी," अण्णा हळू म्हणाले. "तू हिसकावलीच असतीस. दुखतंय का, असं विचारलं नसतंस."

तेवढ्यात मल्हारराव गाडी घेऊन परत आले, खाली उतरले आणि खूश होऊन म्हणाले, "काय हो, सोन्यासारखी गाडी! कोण नावं ठेवतंय हिला? माझं पक्कं."

"थांबा जरा," प्रताप म्हणाला. त्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो खाली बसला, टपरीपुढच्या त्या धुळीत, पांढऱ्या पँटीनिशी. अण्णांची डावी चप्पल काढून बाजूला ठेवली, पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. त्याचे हात सिमेंटनं फुटलेले, राकट. त्यानं कधी आईचेही पाय चेपल्याचं मला आठवत नाही. अण्णांनी पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला. प्रतापनं सोडला नाही.

"कुठं दुखतंय?" तो म्हणाला.

"सोड. लोक बघतायत."

"बघू दे. कुठं दुखतंय, अण्णा?"

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अक्काताईकडं. मग वाकून स्वतःच्या कमरेला हात लावला, तो हात मांडीवरून सावकाश खाली गुडघ्यापर्यंत आणला, आणि लहान मुलासारखं सांगायला लागले, "इथनं सुरू होतं बघ."